बारमाही खंडेनवमी

मुखेडच्या संगप्पा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतली लेथ चालू आहे का, या प्रश्नाला तिथे एकच उत्तर मिळायचं: आधी चपला काढा.

वर्कशॉपच्या दारावर दोन पाट्या शेजारी शेजारी होत्या. एक सरकारी नियमाप्रमाणे लावलेली, 'सुरक्षा बूट घातल्याशिवाय आत येऊ नये'. दुसरी प्राचार्य साहेबरावांच्या हुकमावरून, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. पोरं पहिली पाटी वाचायची आणि दुसरी पाळायची. बूट कुणाकडेच नसल्यामुळे दोन्ही पाट्यांत कधी भांडण झालं नाही.

लेथ म्हणजे लोखंडाची कांडी जबड्यात धरून गरागरा फिरवणारं आणि धारेच्या हत्याराने तिला हव्या त्या मापाला उतरवणारं यंत्र. टर्नर ट्रेडचं सगळं शिक्षण तिच्यावर. संस्थेची लेथ नांदेडहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आली होती. पुढे हलगी वाजत होती आणि साहेबराव तिच्या शेजारी वरमाईसारखे बसून आले होते. खाली उतरवल्यावर लक्षात आलं, की तिला थ्री फेज वीज लागते, आणि संस्थेत आहे ती पंख्या-दिव्यांपुरती. थ्री फेजसाठी अर्ज गेला. अर्ज विचाराधीन झाला. आपल्याकडे एखादी गोष्ट विचाराधीन झाली, की शहाण्या माणसाने तिचा विचार सोडून द्यावा.

राजशेखर उस्तुरगे हा या लेथचा निदेशक, म्हणजे टर्नर शिकवणारा मास्तर. औशाकडचा, लिंगायत घरातला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि जिभेवर साखर. त्याने स्वतः जिथे हा कोर्स केला तिथे लेथ होती, वीजही होती, पण पोरं इतकी होती की यंत्राभोवतीच्या कोंडाळ्यात याला वर्षभर पुढच्याची मान तेवढी दिसली. मानेचा अभ्यास करून तो पहिल्या वर्गात पास झाला. नोकरीत शिकता आलं असतं, पण नोकरी लागली ती या लेथवर. आंधळ्याची गाठ बहिऱ्याशी पडली.

त्याचा सगळा जीव फळ्यात होता. रंगीत खडूंनी तो अशी लेथ काढायचा, की बघणाऱ्याला हातातलं काम सोडून बघत राहावंसं वाटे. सुरक्षिततेचे नियम लाल खडूने. त्यातही एका नियमाखाली दोन रेघा: 'यंत्र सुरू करण्याआधी चकची चावी काढून घ्यावी.' चक म्हणजे तो लोखंड धरणारा जबडा, तो चावीने आवळायचा असतो. चावी तशीच राहिली आणि यंत्र फिरलं, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते आणि समोरच्याचं कपाळ शोधते. हे सांगताना राजशेखर डोळे मोठे करायचा, आवाज बारीक करायचा. पोरं घाबरून वहीत लिहून घ्यायची. चावी प्रत्यक्षात साहेबरावांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असे.

राजशेखरला जगात एकाच वाक्याची भीती होती: 'चालू करून दाखवा.' कुणीतरी एक दिवस हे म्हणणार आणि उभ्या तालुक्याला कळणार, की टर्नरच्या मास्तरने आजवर एक खिळासुद्धा कातलेला नाही. नोकरी जाईल ती जाईल. पण मुखेडच्या बाजारात लोक 'सर, सर' म्हणत वाट देतात, तो रस्ता बंद होईल. नोकरीपेक्षा त्याला त्याचीच जास्त फिकीर होती.

पहिल्या वर्षीच ती वेळ आली होती. खंडेनवमीला रीतीप्रमाणे लेथची पूजा झाली, हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. दसऱ्याची सुट्टी संपली, संस्था सुरू झाली, पण हार काढायचं कुणालाच सुचलं नाही. अशात तपासणीचे साहेब गाडीतून उतरले, थेट वर्कशॉपमध्ये आले आणि म्हणाले, "चालू करून दाखवा."

राजशेखरच्या तोंडचं पाणी पळालं. पण साहेबराव मुरलेले होते.

"साहेब, पूजेला मांडलीय," ते म्हणाले. "हार हाय तवर हात लावत नसतेत."

साहेबांनी हाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. बूट काढले, हात जोडले, खोबरं खाल्लं आणि शेऱ्यात लिहिलं, 'यंत्रसामग्री सुस्थितीत व सुशोभित.'

त्या दिवसापासून संस्थेत खंडेनवमी बारमाही झाली. तपासणीची कुणकुण लागली की लेथची पूजा. चैत्रात नवं वर्ष म्हणून, श्रावणात सोमवार म्हणून, जानेवारीत संक्रांत म्हणून. झेंडू मिळाला नाही तर प्लॅस्टिकचा हार होताच. साहेब बदलले, जिल्हे बदलले, पण हारापुढे 'चालू करा' म्हणण्याची छाती एकाचीही झाली नाही. परीक्षेसाठी पोरांनी लेथवर करायचे लोखंडी नमुने लातूरहून तयार यायचे. तेही दरवर्षी तेच, फक्त त्यांच्यावर नवा रंग चढायचा. पोरं पास होत होती, संस्था टिकून होती, आणि राजशेखर 'सर' होता.

मग एक दिवस साहेबरावांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि हातातला कागद नाचवला.

"उस्तुरगे सर, ह्यो बघा नवा नियम. निदेशकांचा निरंतर व्यावसायिक विकास."

"म्हंजे काय करायचं?"

"तुमचा विकास करायचा. लातूरला जायचं, ट्रेनिंग घ्यायचं, आन शेवटच्या दिवशी लेथवर काम करून दाखवायचं. मास्तरचीच परीक्षा! सर्टिफिकेट न्हाई आणलं तर टर्नरची मान्यता गेली. आन मान्यता गेली तर..."

साहेबरावांनी भिंतीवरच्या संस्थापक संगप्पांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. ते शेजारी उस्तुरगे सरांच्या फोटोला जागा बघतायत, असं राजशेखरला वाटून गेलं.

"सर, मी कसा करू? मला तर..."

"मला काय मालूम न्हाई व्हय?" साहेबराव मायेने म्हणाले. "फिकीर करू नका. लेथ कुठलीबी आसो, देव एकच हाय."

लातूरचं प्रशिक्षण औसा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात ठेवलं होतं, कारण सरकारी सभागृहात दुसऱ्या कुठल्यातरी प्रशिक्षणाचं प्रशिक्षण चालू होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या मखमली खुर्च्या अजून स्टेजवर होत्या. प्रमुख पाहुणे नवरदेवाच्या खुर्चीत बसले, अध्यक्ष नवरीच्या. दीपप्रज्वलन झालं. अक्षता तेवढ्या पडायच्या राहिल्या.

शिकवायला मंजुश्री मॅडम होत्या. ज्या कंपनीला ठेका मिळाला होता तिने पाठवलेल्या, हसतमुख, तरतरीत, आणि बोलताना सतत टाळ्या वाजवायला लावणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकेक फुगा दिला. नांदेड-लातूरकडचे पिकल्या केसांचे फिटर, वेल्डर, प्लंबर गाल फुगवून फुगे फुगवू लागले.

"हा फुगा म्हणजे तुमचा अहंकार," मॅडम म्हणाल्या. "आता तो फोडा!"

एवढे अहंकार एकदम फुटल्यावर कार्यालयाचा आचारी काय झालं म्हणून झारा घेऊन धावत आला. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून शेजाऱ्यावर विश्वास टाकायचा होता. एका जाडजूड प्लंबरने तो राजशेखरवर टाकला आणि दोघे खाली पडले. मग रंगीत चिठ्ठीवर 'माझ्या ट्रेडमधला माझा सर्वात मोठा गुण' लिहायचा होता. लोकांनी अचूकता लिहिलं, मेहनत लिहिलं. राजशेखर बराच वेळ पेन चावत बसला. खोटं तरी किती लिहावं? शेवटी त्याने 'श्रद्धा' लिहिलं. मॅडमनी ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

रोज संध्याकाळी सगळ्यांचा एकत्र फोटो निघे आणि मोबाइलवरून वर जाई. फोटो पोचला की त्या दिवसाचा विकास झाला. यंत्राचं नाव कुणी काढत नव्हतं. चहाच्या वेळी मात्र देगलूरचा एक निदेशक राजशेखरला बाजूला घेऊन, दवाखान्यातल्या माणसाची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाला, "सर, तुमची चालू हाय का?"

"न्हाई. तुमची?"

"आमची तर आजून खोक्यात हाय."

दोघांनी चहा संपवला. त्या दिवशी राजशेखरला त्या माणसाबद्दल सख्ख्या भावापेक्षा जास्त माया वाटली.

शेवटचा दिवस सोमवार होता. परीक्षा एका भाड्याने घेतलेल्या वर्कशॉपमध्ये होती आणि तिथली लेथ चालू होती. तेलाने काळवंडलेली, कामाला जुंपलेली, बेगुमान चालू. राजशेखरने सकाळीच गंजगोलाईच्या बाजारात जाऊन झेंडूचा हार, नारळ, हळद-कुंकू घेतलं आणि कुणी यायच्या आत तिथे पोचला. लेथ पुसली. तिच्या कपाळावर, म्हणजे जिथे कपाळ असावं असं त्याला वाटलं तिथे, तीन बोटं विभूती ओढली. हार घातला. उदबत्ती लावून तो समोर मांडी घालून बसला आणि खरोखरच मनापासून देवाचा धावा करू लागला. इतक्या मनापासून त्याने कधी घरातही पूजा केली नव्हती.

परीक्षक आले. मागून मंजुश्री मॅडम आणि सगळे टर्नर.

"हे काय?" परीक्षक म्हणाले.

"साहेब, आज सोमवार, शिवाचा वार. शुभकार्याची सुरुवात म्हणून पूजा मांडली," राजशेखर मधाळपणे म्हणाला. "आमच्याकडं पूजेला मांडल्यावर त्या दिवशी यंत्राला हात लावत नसतेत."

मग देगलूरच्या निदेशकाने पुढे होऊन साष्टांग नमस्कार घातला. बाकीचे टर्नर त्याच्या मागोमाग वाकले. लातूर-नांदेडच्या औद्योगिक इतिहासात एका लेथपुढे एवढी भक्ती गोळा झाल्याची दुसरी नोंद नसावी.

परीक्षकांनीही मोठा सुस्कारा सोडला. ते मूळचे बेकरी ट्रेडचे होते. टर्नरचे परीक्षक मिळाले नाहीत म्हणून त्यांना पाठवलं होतं, आणि पाव आणि शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, यांतला फरक लोकांसमोर सांगायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनीही त्या सोमवारी उपास धरला होता. त्यांनी नारळ फोडला आणि सगळ्यांना 'निरीक्षणाच्या आधारे उत्तीर्ण' करून टाकलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मंजुश्री मॅडमनी फोटो काढला होता. हार घातलेली लेथ, तिच्यापुढे वाकलेले निदेशक, उदबत्तीचा धूर. फोटो वर गेला. वरच्यांना आवडला. 'यंत्राप्रति कृतज्ञता: एक अभिनव उपक्रम' असं त्याचं बारसं झालं आणि थोड्याच दिवसांत फर्मान आलं, की हा उपक्रम सगळ्या संस्थांनी राबवावा, आणि तो शिकवायला मास्टर ट्रेनर म्हणून श्री. राजशेखर उस्तुरगे यांनी फिरावं.

राजशेखर फिरला. लोहा, कंधार, उदगीर, निलंगा. एसटीतून उतरायचा, पिशवीतून हार काढायचा. हार चकवर घालावा की हत्यार धरणाऱ्या टूल पोस्टवर, कुंकू आधी की हळद आधी, नारळाचं पाणी यंत्राच्या बेडवर, म्हणजे खालच्या लोखंडी पाटावर, कुठून कुठवर शिंपडावं, सगळं रंगीत खडूंनी फळ्यावर काढून दाखवायचा. लोक लिहून घ्यायचे. काम हीच पूजा, असं तो घरात लहानपणापासून ऐकत आला होता. त्याने ते उलटं करून दाखवलं. पूजा हेच त्याचं काम झालं, त्याला शाल मिळाली, श्रीफळं तर इतकी मिळाली की घरी रोज खोबऱ्याची चटणी होऊ लागली. तपासणीच्या नमुन्यात 'यंत्रपूजन झाले का? होय / नाही' असा नवा रकाना आला. 'यंत्र चालू आहे का' हा जुना रकाना जागेअभावी निघाला.

तो रकाना निघाल्याचं कळलं त्या दिवशी राजशेखर शांत झोपला. आता ते वाक्य कुणी म्हणणार नव्हतं.

त्याच्या वर्गात शिल्पा नावाची मुलगी होती, टर्नरला एकटीच. लोह्याकडच्या एका खेड्यातली, सटवाजी नावाच्या शेतकऱ्याची पोर. ती या ट्रेडला का आली, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "सर, आमच्याकडं मोटारीचा शाफ्ट गेला की नांदेडला न्यावा लागतोय. तवर पीक वाळून राहतंय. मला लोह्यात लेथ टाकायची हाय." राजशेखर तेव्हा "वा, वा" म्हणाला होता. शिल्पा फळ्यावरची प्रत्येक रेघ वहीत उतरवायची. सगळे नियम तिला तोंडपाठ होते आणि पूजेची सगळी रीतही. सर जे करतील ते ती करायची. सरांचा शब्द म्हणजे तिला ब्रह्मवाक्य.

लातूरच्या एमआयडीसीत सिद्धलिंगअप्पांचा कारखाना होता. डाळ मिलच्या यंत्रांचे रोलर आणि शाफ्ट तिथे बनायचे. अप्पांना शिकाऊ उमेदवार हवे होते. साहेबरावांनी शिल्पाला पाठवलं आणि संस्थेची शान वाढावी म्हणून सोबत मास्टर ट्रेनरलाही.

अप्पा साधे, गोल टोपीतले, राजशेखरच्याच नात्यागोत्यातले निघाले. दोघांनी हात जोडून एकमेकांना शरणार्थ केलं, कोण कुणाचा कोण ते ठरलं, चहा झाला. मग अप्पांनी शिल्पाला एका लेथपाशी नेलं. चकमध्ये लोखंडाचा गज ठेवलेला होता, चावी शेजारी होती.

"हं पोरी. होऊन जाऊ दे."

शिल्पाने चपला काढल्या. "आगं आगं, लोखंडाचा कीस पडलाय, पाय कापंल," एक कामगार ओरडला. पण तिचं लक्ष नव्हतं. तिने ओढणीच्या टोकातून कुंकवाची पुडी सोडली, लेथला पाच बोटं लावली, वाकून नमस्कार केला, दोन पावलं मागे सरली आणि हात जोडून उभी राहिली. मशीनवरचे कामगार थांबून बघू लागले. शिल्पा तशीच उभी. अप्पाही उभे. बराच वेळ गेला.

"झालं? आता चालू कर की," अप्पा म्हणाले.

शिल्पा गोंधळली. तिने राजशेखरकडे पाहिलं. "सर, पूजा झाल्यावर हात लावत नसतेत ना?"

कुणीतरी हसलं. शिल्पाचे कान लाल झाले. तिला काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळेना, कारण तिने सगळं बरोबर केलं होतं. राजशेखरला ते लाल कान बघवेनात.

"पोरीचं ऱ्हाऊ द्या," अप्पा त्याच्याकडे वळून आदराने म्हणाले. "सर, तुम्ही मास्टर ट्रेनर. तुम्हीच एकदा चालू करून दाखवा."

वाक्य आलं. इतकी वर्षं ज्याला चुकवलं ते भर दुपारी, एवढ्या माणसांसमोर, नात्यातल्या माणसाच्या तोंडून आलं. पिशवीतला हार मुखेडलाच राहिला होता, आणि लेथची पूजा तर शिल्पाने आधीच उरकलेली.

शिल्पा मात्र सुटल्यासारखी हसली. "हाव, सर दाखवतेत."

त्या 'हाव'नेच, त्या भाबड्या होकारानेच, त्याचा घात केला. नाही म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. तो पुढे झाला. मोबाइलवर पाहिलेलं आठवत त्याने चावी चकमध्ये घातली, जोर लावून गज आवळला. आवळला गेला. त्याला एवढं बरं वाटलं, की आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी आवळलं, याच आनंदात त्याचा हात हिरव्या बटणाकडे गेला.

"सर, चावी!"

शिल्पाने किंचाळत त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. चावी चकमध्येच होती. लाल खडू, खाली दोन रेघा.

अप्पांनी पुढे होऊन चावी काढली, फडक्याने पुसली आणि जागेवर ठेवली. "सुटली आसती तर तुमच्याच कपाळात बसली आसती," ते हळूच म्हणाले. मग पाहुण्याला अवघडायला नको म्हणून विषय बदलून ते उन्हाळ्याबद्दल बोलू लागले. निघताना एवढंच म्हणाले, "पोर ठेवून घेतो सर. नियम पाठ हायत तिला. हात आम्ही शिकवू."

परतीच्या एसटीत शिल्पा त्याच्या शेजारी बसली होती. तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. "सर, थकले का तुम्ही?" एवढं विचारलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. ती हसली असती तर तो रागावू शकला असता. तिने गावात जाऊन सांगितलं असतं तर तो खोटं बोलू शकला असता. पण तिने कुणाला सांगितलंच नाही, आणि त्याला दिवसेंदिवस सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटत राहिली.

इकडे मास्टर ट्रेनरची संस्था म्हणून संगप्पा संस्थेची श्रेणी वाढली. श्रेणी वाढल्यामुळे कुठल्यातरी टेबलावरचा तो जुना अर्ज हलला, आणि भाद्रपदात वीज मंडळाची माणसं आली, खांब रोवला, थ्री फेज जोडून गेली. पूजेला फळ येतं म्हणतात ते असं. साहेबरावांनी विजेच्या पेटीलाही कुंकू लावलं आणि कुलूप घालून त्याची किल्ली खिशात टाकली.

खंडेनवमी आली. खरी, पंचांगातली. वर्कशॉपमध्ये नवी बॅच मांडी घालून बसली होती. राजशेखरने लेथला विभूती लावली, हार घातला. साहेबराव नारळ हातात घेऊन उभे होते. इतक्यात दारात कुणीतरी जड बूट काढल्याचा आवाज झाला. शिल्पा आली होती. अंगात कारखान्याचा निळा डगला, हातात पेढ्याचा पुडा. वाकून सरांच्या पाया पडली. तिच्या तळव्यांच्या रेघांत काळं तेल मुरलेलं होतं. राजशेखरने नकळत स्वतःचे हात पाहिले. हळदीने पिवळेधमक, मनगटापर्यंत.

"सर, थ्री फेज आली म्हणं!" तिचे डोळे चमकत होते. "मला आता बोल्टावर आट्यांचा धागा पाडता येतोय. ह्या पोरांना चालू करून दाखवू का?"

नवी बॅच टवकारून बसली.

"आज खंडेनवमी हाय, शिल्पा," तो म्हणाला. "आज हात लावत नसतेत."

हे वाक्य त्याने आजवर कितीदा तरी म्हटलं होतं. आज पहिल्यांदा ते खरं होतं, आणि आजच ते त्याला खोटं वाटलं.

"आरं हाव की, इसरलेच मी," शिल्पा जीभ चावून म्हणाली. तिने लेथपुढे वाकून नमस्कार केला, आणि वाकल्यावर तिला हाराखालचा बेड दिसला. वर्षानुवर्षं शिंपडलेल्या नारळाच्या पाण्याने तो तांबड्या गंजाने खाल्ला होता. कुंकू कुठे संपतं आणि गंज कुठे सुरू होतो, ते सांगता येत नव्हतं. शिल्पाने बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. सर चावी का विसरले तेही कळलं. तरी ती हसली नाही.

"मंग दसरा झाला की येते सर," ती हळू आवाजात म्हणाली. "येताना रॉकेल आन ग्रीस घेऊन येते. साफ करून बघू, निघंल गंज."

ती दाराकडे वळली, तसे साहेबराव राजशेखरच्या कानाशी लागले. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायण ठेवू सर. तिला सांगा, पूजा हाय, जमत न्हाई म्हणावं."

राजशेखरच्या तोंडात हो तयारच होता. सवयीचाच होता. पण दारात बसून बुटाची नाडी बांधणाऱ्या त्या पोरीकडे पाहून त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की तो हो तिथेच विरला.

"शिल्पा," त्याने हाक मारली. "नक्की ये. आन मी चालू करताना माझ्याजवळच उभी ऱ्हा. चावी इसरलो तर वरड."

साहेबरावांच्या हातातला नारळ तसाच राहिला. शिल्पाने मान हलवली. भिंतीवर विजेची पेटी गुणगुणत होती.

आणि सर काहीतरी नवीन सांगतायत असं वाटून, नव्या बॅचने तेही वहीत लिहून घेतलं.